पुस्तक, पडदा आणि सूर: एका चाहतीला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुस्तकांवरून निघालेले चित्रपट आणि त्या चित्रपटांचे संगीत हा माझा अनेक वर्षांचा ध्यास आहे. पुस्तक वाचायचे, त्यावरचा चित्रपट पाहायचा, मग त्याचे संगीत डोळे मिटून वेगळे ऐकायचे आणि पुन्हा पुस्तकाकडे परतायचे, असा माझा क्रम ठरून गेला आहे. परिचित मंडळी त्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते माझ्या उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. आवडीनिवडी सर्वस्वी माझ्या आहेत. त्यांच्याशी कोणी सहमत व्हावे असा आग्रह नाही, पण त्या तशा का आहेत हे नीट सांगता यावे, एवढी इच्छा आहे.

आधी पुस्तक वाचावे की आधी चित्रपट पाहावा?

शक्य असेल तर आधी पुस्तक. वाचताना आपण प्रत्येक घर, प्रत्येक वाट आणि प्रत्येक चेहरा स्वतः घडवत असतो, आणि हे काम पहिल्या वाचनातच मोकळेपणाने करता येते. चित्रपट आधी पाहिला की ती सारी जागा नटांच्या चेहऱ्यांनी आणि छायाचित्रकाराच्या उजेडाने भरून जाते. पुढे कितीही प्रयत्न केला तरी ती रिकामी करता येत नाही.

याला मी एक अपवाद करते. पुस्तक आकाराने प्रचंड, नावांनी गजबजलेले आणि सुरुवातीला संथ असेल, आणि वाचक दोनदा हाती घेऊनही पन्नासाव्या पानाच्या पुढे सरकला नसेल, तर त्याने चित्रपट आधी पाहावा. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचताना अडलेल्या काही जणांना मी हाच सल्ला दिला. कोण कोणाचा कोण आणि कोणता प्रदेश कोणत्या दिशेला, हे पडद्यावर एकदा पाहिल्यावर पुस्तकाची वाट त्यांना सोपी झाली.

मूळ पुस्तकाशी प्रामाणिक राहणे म्हणजे नेमके काय?

या प्रश्नावर सर्वाधिक वाद होतात, आणि माझ्या मते त्यांतले बहुतेक वाद चुकीच्या जागी होतात. प्रसंग जसाच्या तसा आला की नाही, संवाद शब्दशः आला की नाही, याची मोजदाद करणे सोपे असते. पण पुस्तक वाचून संपल्यावर मनात जे उरते, ते चित्रपट संपल्यावरही उरते का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आणि अधिक अवघड आहे.

माझे आवडते उदाहरण ‘पथेर पांचाली’चे आहे. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ही कादंबरी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि सत्यजित राय यांचा चित्रपट १९५५ मध्ये. कादंबरीतल्या दुर्गेला आगगाडी कधीच पाहायला मिळत नाही. भावंडे ती पाहण्यासाठी एकदा घरापासून दूर जातात, पण हात हलवत परततात, आणि पुढे तापाने फणफणलेली दुर्गा धाकट्या अपूला, एक दिवस मला गाडी दाखवशील का, असे विचारते. ती इच्छा अपुरीच राहते. चित्रपटात मात्र काशगवताच्या पांढऱ्या तुऱ्यांमधून ही भावंडे धावतात आणि काळा धूर सोडत गाडी समोरून निघून जाते. केवळ प्रसंगांचा ताळा पाहणारा म्हणेल की रायांनी कादंबरीचा गाभाच बदलला.

मला तसे वाटत नाही. न पाहिलेल्या गोष्टीची ओढ लेखक पानेच्या पाने वाढवत नेऊ शकतो, कारण शब्दाला अदृश्य वस्तूचेही वर्णन करता येते. कॅमेऱ्याला जे नाही ते दाखवता येत नाही. तेव्हा रायांनी ओढ दाखवण्याऐवजी आनंद दाखवला, आणि त्या एका दुपारच्या आनंदामुळे पुढचा वियोग तेवढाच जिव्हारी लागतो. हा बदल पुस्तक वरवर चाळलेल्या माणसाने केलेला नव्हता. चित्रपट करण्याच्या कितीतरी आधी याच कादंबरीच्या संक्षिप्त मुलांच्या आवृत्तीसाठी रायांनी चित्रे काढली होती. ज्याला पुस्तक इतके जवळून ठाऊक आहे, त्यालाच ते मोडण्याचा अधिकार पोहोचतो, असे मी मानते.

म्हणजे पुस्तक नेहमीच चित्रपटापेक्षा सरस असते, हे तुम्हाला मान्य नाही?

मुळीच मान्य नाही. थोर पुस्तकांच्या बाबतीत ते बहुधा खरे ठरते, कारण तेथे वाक्यांची घडण हाच निम्मा आनंद असतो आणि ती पडद्यावर नेता येत नाही. पण चांगली कल्पना आणि साधारण लेखन असलेल्या पुस्तकाचा चित्रपट त्याच्या पुढे जाऊ शकतो.

पीटर बेंचली यांची ‘जॉज’ ही कादंबरी १९७४ ची. तिच्यात शार्कच्या गोष्टीबरोबर पोलीसप्रमुखाची पत्नी आणि तरुण सागरशास्त्रज्ञ यांचे प्रेमप्रकरण आहे, आणि नगराध्यक्षाचे गुन्हेगारी टोळीशी असलेले लागेबांधेही आहेत. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९७५ च्या चित्रपटाने ही दोन्ही उपकथानके काढून टाकली आणि उरलेल्या तिघांना एका लहान बोटीत बसवले. वाचताना मला त्या माणसांपैकी कोणाचीच फारशी काळजी वाटली नव्हती. चित्रपट पाहताना तिघांचीही वाटली.

‘सायको’चे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. रॉबर्ट ब्लॉक यांच्या १९५९ च्या कादंबरीतला नॉर्मन बेट्स चाळिशीचा, स्थूल आणि पाहताक्षणी खटकणारा माणूस आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांनी पुढच्याच वर्षी ती भूमिका अँथनी पर्किन्स या सडपातळ, लाजऱ्या, आर्जवी तरुणाला दिली. त्या एका निवडीने प्रेक्षक नकळत त्याच्या बाजूला जाऊन बसतो, आणि चित्रपटाचे सारे भय त्या बसण्यातून येते.

पुस्तक आणि चित्रपटाच्या चर्चेत तुम्ही सारखे संगीत का आणता?

कारण माझ्या समजुतीप्रमाणे पुस्तकातला निवेदक चित्रपटात संगीत होऊन येतो. पुस्तकात कोणीतरी आपल्याशी सतत बोलत असते. या माणसावर विश्वास ठेवा, ही शांतता खोटी आहे, हे घर पुन्हा दिसणार नाही, असे ते आवाज आपल्याला वाक्यांच्या लयीतून सुचवत असतात. चित्रपटात प्रसंग उघडाच समोर येतो. तेथे तो आवाज नाहीसा झालेला असतो, आणि त्याची जागा बहुतेक वेळा पार्श्वसंगीत घेते. जो दिग्दर्शक हे ओळखतो, त्याचे रूपांतर यशस्वी होते, आणि जो संगीताला केवळ सजावट समजतो, त्याचा चित्रपट कितीही देखणा असला तरी पुस्तकाच्या तुलनेत मुका वाटतो.

‘जॉज’मधली जॉन विल्यम्स यांची दोन सुरांची धून सर्वांना ठाऊक आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात यांत्रिक शार्क वारंवार बिघडत असल्यामुळे तो पडद्यावर फार दाखवता येत नव्हता, तेव्हा त्याचे अस्तित्व जाणवून देण्याचा मोठा भार या दोन सुरांवर पडला. मला अधिक मोलाची वाटते ती त्या धुनेची सचोटी. दोन मुले शार्कसारखा पुठ्ठ्याचा पर पाण्यावर फिरवून लोकांना घाबरवतात, किनाऱ्यावर पळापळ होते, पण ती धून वाजत नाही. लक्ष देऊन ऐकणाऱ्याला तेव्हाच कळते की तेथे शार्क नाही. येथे संगीत एका विश्वासू निवेदकासारखे वागते. त्याच्यावर आपला पुरता भरवसा बसल्यावर मात्र, पुढे बोटीच्या मागे तो प्राणी कोणतीही सूचना न देता एकाएकी वर येतो, आणि सूर गप्प असतात. तो भरवसा आधी कमावलेला नसता तर तो धक्का बसलाच नसता.

‘सायको’साठी बर्नार्ड हरमन यांनी केवळ तंतुवाद्यांचा वाद्यवृंद वापरला. न्हाणीघरातल्या खुनाच्या दृश्याला संगीतच नको, असे हिचकॉक यांचे सुरुवातीचे मत होते. हरमन यांनी तरीही रचना केली, ती ऐकवली, आणि हिचकॉक यांनी मत बदलले. व्हायोलिनच्या त्या किंचाळ्यांशिवाय हे दृश्य आज कल्पनेतही येत नाही.

आणि पुन्हा ‘पथेर पांचाली’. बाहेरगावाहून परतलेला दुर्गेचा बाप हरिहर पत्नीपुढे एकेक आणलेली वस्तू ठेवतो आणि दरम्यान मरण पावलेल्या दुर्गेसाठी आणलेली साडी काढतो, तेव्हा सर्वजयेचा बांध फुटतो. आपल्याला तिचा आक्रोश ऐकू येत नाही, त्या जागी तारशहनाईचा उंच, चिरत जाणारा सूर येतो. पंडित रविशंकर यांचे या चित्रपटाचे संगीत जवळजवळ संपूर्णपणे एका प्रदीर्घ सलग सत्रात ध्वनिमुद्रित झाले होते. मला जर कोणी एकच क्षण निवडायला सांगितला, तर मी हाच निवडीन. विभूतिभूषणांच्या गद्यातली करुणा येथे शब्दांशिवाय, सुराच्या रूपाने शिल्लक राहिली आहे.

‘मी’ने सांगितलेल्या पुस्तकांचा चित्रपट होऊ शकतो का? त्यात निवेदकच तर हरवतो.

होऊ शकतो, पण हरवलेला आवाज दुसऱ्या कोणत्या तरी रूपाने परत आणावा लागतो.

मिर्झा हादी रुसवा यांची ‘उमराव जान अदा’ ही १८९९ ची कादंबरी म्हणजे एका प्रौढ स्त्रीने स्वतः लेखकाला सांगितलेली आत्मकथा आहे. जे घडले ते केव्हाच घडून गेले आहे, आणि ती आता शांतपणे मागे वळून पाहत आहे, ही जाणीव तिच्या प्रत्येक पानावर आहे. मुझफ्फर अली यांच्या १९८१ च्या चित्रपटात हे प्रौढपण कोठून आले? मला वाटते, आशा भोसले यांच्या आवाजातून आले. संगीतकार खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावले. पडद्यावर तरुण रेखा दिसते, आणि तिच्या ओठांवर सारे सोसून झालेल्या बाईचा स्वर उमटतो. एकाच क्षणी घडणारा प्रसंग आणि त्याची आठवण, दोन्ही ऐकू येतात. शहरयार यांच्या गझलांचे शब्द थोर आहेतच, पण खालच्या पट्टीचा तो निर्णय मला रूपांतराचा सर्वांत मार्मिक निर्णय वाटतो.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ही अशीच सांगितलेली गोष्ट आहे. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे, कारण मोठा झालेला श्याम रोज रात्री सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटात वनमाला आणि बालकलाकार माधव वझे यांच्या रूपाने आई आणि मूल थेट समोर उभे राहतात, आणि त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. चित्रपट मला मनापासून आवडतो. तरीही पुस्तकातला सांगणाऱ्याचा पश्चात्ताप, आपण तेव्हा आईशी असे वागायला नको होते ही सल, मला पुस्तकातच अधिक तीव्रतेने भेटते.

गाण्यांमुळे कथा थांबते, असे अनेकजण म्हणतात. तुमचे मत काय?

थांबवणारी गाणी पुष्कळ आहेत, हे खरेच आहे. पण त्यावरून गाणे हेच कथेचे शत्रू ठरवणे म्हणजे वाईट प्रकरणे वाचून कादंबरीवर राग धरण्यासारखे आहे.

गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरचा ‘जैत रे जैत’ हा जब्बार पटेल यांचा १९७७ चा चित्रपट या आक्षेपाचे उत्तम उत्तर आहे. ना. धों. महानोर यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकर यांच्या चाली तेथे डोंगर, रान, मधमाश्या आणि माणसे यांना एकत्र बांधतात. कादंबरीकाराने निसर्गाचे जे वर्णन परिच्छेदांतून केले असते, ते येथे गाण्यातून होते, आणि गाणी काढून टाकली तर कथा वेगवान होण्याऐवजी तुटक होईल. मी हा चित्रपट पाहते तेव्हा कोणते गाणे कोठे सुरू झाले याकडे माझे लक्ष राहत नाही, यातच त्याचे यश आहे.

याच्या उलट, ‘देवदास’च्या २००२ च्या आवृत्तीत संजय लीला भन्साळी यांनी पारो आणि चंद्रमुखी यांना एकत्र नाचवले. शरत्चंद्रांच्या १९१७ च्या कादंबरीत या दोघी भेटतच नाहीत. ते नृत्य बांधणीच्या दृष्टीने अप्रतिम आहे आणि मी ते कितीतरी वेळा पाहिले आहे. पण बिमल रॉय यांच्या १९५५ च्या चित्रपटात या दोघी वाटेत एकमेकींसमोरून जातात, क्षणभर पाहतात, आणि एक शब्दही न बोलता आपापल्या वाटेने निघून जातात. हीदेखील कादंबरीबाहेरचीच भर आहे, तरीही ती मला शरत्चंद्रांच्या अधिक जवळची वाटते. कादंबरीतले दुःख न बोललेल्या गोष्टींचे आहे, आणि रॉय यांनी ते न बोललेलेच राहू दिले.

लेखकालाच चित्रपट आवडला नसेल, तर चाहत्याने तो आवडून घ्यावा का?

‘गाइड’मुळे हा प्रश्न हमखास येतो. आर. के. नारायण यांना १९६० मध्ये याच कादंबरीसाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. चित्रपट पाहून ते फार नाराज झाले आणि ती नाराजी त्यांनी लिहून ठेवली. त्यांचे मालगुडी हे लहानसे काल्पनिक गाव होते, चित्रपट मात्र राजस्थानच्या महालांत आणि सरोवरांकाठी गेला. कादंबरीच्या शेवटी, पाऊस पडावा म्हणून केलेल्या उपासाने क्षीण झालेला नायक राजू नदीच्या पाण्यात उभा असतो, डोंगरांत पाऊस पडतो आहे असे त्याला जाणवते, आणि तो खाली कलतो. पाऊस खरोखर आला की नाही आणि राजूचे काय झाले, हे नारायण सांगत नाहीत. विजय आनंद यांच्या चित्रपटात पाऊस कोसळतो आणि राजूचा त्याग निःसंदिग्ध होतो.

नारायण यांचे दुःख मला पूर्णपणे समजते. तो अनिश्चित शेवट ही त्या कादंबरीची सर्वांत मोठी कमाई होती आणि ती गमावली गेली, यात शंका नाही. असे असूनही हा चित्रपट मला अत्यंत प्रिय आहे, आणि त्याचे कारण पुन्हा संगीतच आहे. शीर्षकाच्या वेळी तुरुंगातून सुटलेला राजू एकटाच चालत असतो आणि सचिन देव बर्मन स्वतःच्या आवाजात शैलेंद्र यांचे गीत गात असतात. तो आवाज पडद्यावरच्या कोणाचाच नाही. वाटसरूला हाक मारून प्रश्न विचारणारा, त्याच्याविषयी कळवळा असलेला पण त्याला न सोडवणारा तो आवाज म्हणजे मला नारायण यांच्या निवेदकाचा दूरचा आप्त वाटतो. लेखक आणि चित्रपट या दोघांवरही एकाच वेळी प्रेम करता येते.

मोठ्या कादंबरीतला काही भाग गाळावाच लागतो. तो कसा निवडावा?

ज्याच्या अभावाने शेवटाचा अर्थ बदलत नाही, तो भाग गाळावा.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला टॉम बॉम्बाडिल हे पात्र दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी पूर्णपणे वगळले. जे. आर. आर. टोल्किन यांच्या निष्ठावंत वाचकांना ते रुचले नाही, पण मला तो निर्णय योग्य वाटतो. पुस्तकात तो एक रम्य थांबा आहे, पण पडद्यावर प्रवास नुकताच सुरू झालेला असताना तसा थांबा सोसला नसता. शेवटचा वगळलेला भाग मात्र मला आजही खुपतो. पुस्तकात युद्ध जिंकून परतलेल्या हॉबिटांना, म्हणजे कथेतल्या बुटक्या नायकांना, आपला शायर प्रदेश उद्ध्वस्त झालेला आढळतो आणि तो त्यांना स्वतःच्या बळावर परत मिळवावा लागतो. दूरचे युद्ध आपल्या उंबरठ्यापर्यंत येतेच, ही टोल्किन यांची कठोर जाणीव त्या भागात आहे. चित्रपटात शायर जसाच्या तसा हिरवागार राहतो. तिसऱ्या चित्रपटाला ११ ऑस्कर मिळाले, आणि ते सारे योग्यच होते असे मी म्हणेन, पण ही उणीव त्यामुळे भरून निघत नाही.

हॅरी पॉटरच्या ७ पुस्तकांचे ८ चित्रपट झाले. मला त्यांतला तिसरा, अल्फोन्सो क्वारोन यांचा २००४ चा, सर्वांत आवडतो, कारण तो प्रेक्षकाला सर्व काही समजावून सांगत बसत नाही. मात्र ज्या जादुई नकाशावर कथेची इतकी भिस्त आहे, तो नकाशा कोणी बनवला हे त्यात सांगितलेलेच नाही. दोन वाक्यांत ते सांगता आले असते, आणि हॅरीच्या वडिलांची मैत्री त्यामुळे किती जिवंत झाली असती!

मग दीर्घ मालिका हाच उत्तम मार्ग नव्हे का?

काही पुस्तकांसाठी आहे. पण वेळ भरपूर मिळाला की निवड करण्याची शिस्त सुटते, आणि सर्व काही दाखवणारी मालिका पुस्तकाची केवळ सचित्र नक्कल होण्याचा धोका असतो.

संगीत नव्याने रचण्याऐवजी जुनेच वापरले तर?

स्टॅनली कुब्रिक यांच्या १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी अ‍ॅलेक्स नॉर्थ यांनी संगीत लिहून दिले होते. कुब्रिक यांनी ते न वापरता संकलनाच्या वेळी लावून पाहिलेले जुने अभिजात संगीतच कायम ठेवले, आणि नॉर्थ यांना हे चित्रपट पाहतानाच कळले. एका संगीतकाराशी असे वागणे मला अन्यायाचे वाटते. तरीही १९ व्या शतकातल्या वॉल्ट्झच्या लयीत संथ फिरणारी अंतराळयाने पाहिली की हेही मान्य करावे लागते की निवड विलक्षण होती. पुस्तकाच्या संदर्भात ही गोष्ट अधिक रंजक आहे, कारण आर्थर सी. क्लार्क यांची कादंबरी आणि पटकथा जवळजवळ एकाच काळात आकाराला येत होत्या. कादंबरी जे तपशीलवार समजावते, त्यावर चित्रपट मौन पाळतो आणि संगीताला बोलू देतो. दोन्ही शेजारी ठेवून अनुभवावेत.

जे इतके लोकप्रिय आहे, ते उथळच असणार, असे नाही का?

नाही. लोकप्रियता हा गुणही नाही आणि दोषही नाही. ‘नटरंग’ची गाणी २०१० मध्ये सर्वतोमुखी झाली तेव्हा अनेकांनी चित्रपटाकडे लावण्यांचा कार्यक्रम म्हणून पाहिले. आनंद यादव यांची मूळ कादंबरी मात्र कलेपायी स्वतःचे पौरुष, घर आणि मान गमावणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. पिळदार शरीराच्या गुणाला फडाच्या गरजेपोटी नाच्या व्हावे लागते, आणि अतुल कुलकर्णी यांनी तो बदल शरीरानिशी दाखवला आहे. अजय-अतुल यांचे संगीत सुरुवातीला निखळ आनंद देते. ज्या फडावर आपण ठेका धरला होता, त्याच फडापायी पुढे गुणाची विटंबना होते, तेव्हा आपल्याला आपल्याच आनंदाची टोचणी लागते. गाणी इतकी मोहक नसती, तर ही टोचणी लागलीच नसती. येथे लोकप्रिय होणे ही कथेचीच गरज होती.

नटाचा चेहरा मनातल्या पात्राशी जुळला नाही तर काय करावे?

अर्धा तास धीर धरावा. चेहऱ्यापेक्षा चालणे, थांबणे आणि ऐकणे यांतून पात्र अधिक ओळखू येते. अर्ध्या तासानंतरही तो परका वाटला, तर निवड चुकली असे खुशाल म्हणावे.

चित्रपटाचे संगीत वेगळे ऐकण्यात काय अर्थ आहे? आणि ते ऐकायला कसे शिकावे?

वेगळे ऐकल्यावरच कळते की त्यात किती काही सांगितले गेले होते. त्यासाठी संगीताचे शास्त्र यावे लागत नाही. एखादा आवडता प्रसंग निवडावा. तो प्रथम नेहमीप्रमाणे पाहावा, मग आवाज बंद करून पाहावा, मग डोळे मिटून केवळ ऐकावा, आणि शेवटी पुस्तकातले तेच पान वाचावे. दोन-तीनदा असे केले की कोणती गोष्ट चित्राने सांगितली, कोणती सुराने आणि कोणती केवळ शब्दालाच सांगता आली, हे आपोआप वेगळे दिसू लागते.

सुरुवातीसाठी मी हॉवर्ड शोर यांचे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे संगीत सुचवते. त्यात प्रदेशांना, लोकांना आणि वस्तूंना स्वतःच्या धुना आहेत, आणि त्या कथेबरोबर बदलतात. शायरची साधी, घरगुती धून पहिल्या चित्रपटात उल्हासाने येते, आणि फ्रोडो व सॅम घरापासून फार दूर गेल्यावर तीच धून इतकी विरळ होऊन परतते की ती ओळखायला कान द्यावा लागतो. ज्याने ती ओळखली, त्याला त्या क्षणी घराची आठवण वेगळी सांगावी लागत नाही.

त्यानंतर तिसऱ्या चित्रपटातला पिपिनच्या गाण्याचा प्रसंग पाहावा. त्याचे शब्द टोल्किन यांचेच आहेत, पण पुस्तकात ते पहिल्या खंडात, घर सोडून निघालेले हॉबिट वाट चालताना गातात, त्या गीतातले आहेत. चित्रपटात पिपिनची भूमिका करणाऱ्या बिली बॉइड यांनी त्यांना स्वतः चाल लावली आणि ती वाद्यांच्या साथीशिवाय गायली. एकीकडे गोंडोर राज्याचा कारभारी डेनेथॉर जेवतो आहे, दुसरीकडे त्याचाच मुलगा निश्चित पराभवाकडे घोडा दौडवतो आहे, आणि मध्ये हा लहानखुरा हॉबिट गातो आहे. प्रसंग पुस्तकात असा नाही, शब्द पुस्तकात या ठिकाणी नाहीत, आणि चाल तर पुस्तकात असणे शक्यच नव्हते. हा प्रसंग पाहून झाल्यावर पहिला खंड उघडून ते वाट चालण्याचे गीत पुन्हा वाचावे. घरापासून थोड्याच अंतरावर, संध्याकाळच्या वेळी, तिघांपैकी कोणालाही पुढचे काही ठाऊक नसताना गायलेले ते गीत मला आता पिपिनच्याच आवाजात ऐकू येते.